मूळ कुठची?

यंदाच्या सुट्टीत माझी सतरा वर्षांची भाची दीड महिना आमच्याकडे कोथरूडला राहून गेली. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, पुण्याची आणि वडील अमेरिकेतील कृष्णवर्णीय. जन्म आणि शाळा तिकडची असली तरी मुलीचे मराठी स्वच्छ आहे. तुळशीबागेत दुकानदाराने तिला इंग्रजीत भाव सांगितला, तिने मराठीत घासाघीस सुरू केली, तेव्हा त्याने चकित होऊन मला विचारले, "ही मूळ कुठची?" मी घाईने म्हणाले, "आमचीच आहे." रिक्षात बसल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मावशी, मग बाबा कोणाचे?"

माया म्हणून आपण जे बोलतो त्यातही काहीतरी पुसले जाते, हे मला तोवर सुचलेच नव्हते. नातेवाईक तिला पाहून "नाक आपल्याकडचे, केस मात्र तिकडचे" अशी अवयवांची वाटणी करतात, तर तिकडची चुलत भावंडे ती पुरेशी काळी नाही म्हणून चिडवतात.

अशा माणसाचे मन दुभंगलेलेच असणार, ही समजूत विद्वानांनीही बराच काळ जोपासली. रॉबर्ट पार्क या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये दोन समाजांच्या काठावरचा माणूस ही कल्पना मांडली आणि एव्हरेट स्टोनक्विस्ट यांनी १९३७ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. पुढे मार्गारेट शी आणि डायना सांचेझ यांनी २००५ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा मिश्रवंशीय माणसे दुःखी असल्याचा निष्कर्ष मुख्यतः उपचारांसाठी आलेल्या लोकांवरील अभ्यासांत आढळला. दवाखान्यात बसून गावाच्या प्रकृतीचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार म्हणायचा. २००९ च्या एका संशोधनात मात्र नेमकी दुखरी जागा सापडते: माहितीच्या अर्जात एकच वंश निवडण्याची सक्ती झालेल्या मिश्रवंशीयांचा आत्मसन्मान आणि उमेद, एकाहून अधिक वंश नोंदवता आलेल्यांपेक्षा कमी दिसली. म्हणजे त्रास दोन घरे असण्याचा नाही. त्यांतले एक घर दुसऱ्याने परस्पर खोडून टाकण्याचा आहे.

अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा २००० साली प्रथम मिळाली, आणि २०२० मध्ये तशी नोंद सुमारे ३ कोटी ३८ लाख लोकांनी केली (प्रश्नाची मांडणी आणि उत्तरांची वर्गवारी बदलल्यामुळेही हा आकडा फुगला, हे खरे). आपल्या राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदातील अँग्लो-इंडियनची व्याख्या युरोपीय वंश बापाकडूनच मोजते. आजोळ मोजायचे राहून जाते ते असे.

"मूळ कुठचे?" हा प्रश्न पुण्यात आडनावापाठोपाठ येतोच आणि त्यात बहुधा दुष्टावा नसतो, पण विचारणाऱ्याला एकाच गावाचे नाव हवे असते. भाची परत जाण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी लिफ्टमध्ये तो विचारलाच. ती म्हणाली, "आजोळ कोथरूड, आणि बाबांचे घर अटलांटाला." काकू म्हणाल्या, "हो गं, पण म्हणजे मूळ कुठची?" तिने तेच उत्तर पुन्हा, तितक्याच सावकाश दिले. या वेळी मी मध्ये बोलले नाही.