खपली

दुपारी पुस्तक उघडं होतं, पण पान बराच वेळ उलटलेलं नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा उजव्या हाताचं नख डाव्या कोपरावरच्या खपलीशी चाळा करत होतं. चार-पाच दिवसांपूर्वी कोपर दाराच्या कडीला घासलं होतं. आता खपलीची एक कड सुटून वर आलेली, तिच्याखाली कोवळी गुलाबी कातडी, आणि मधला भाग मात्र हट्टाने चिकटून बसलेला. सुटलेली कड एकदा बोटाला लागली की माझ्याच्याने राहवत नाही. हे वय झालं, तरी नाही.

लहानपणी माझे गुडघे बिनखपलीचे असे कधी नसायचेच. एक बरा होतोय तोवर सायकल दुसऱ्याची सोय करायची. मग अभ्यासाला बसल्यावर हे काम चाले. आधी कडेकडेने नख फिरवायचं, मग श्वास रोखून मधला भाग उचलायचा. अखंड निघाली तर केवढा आनंद! बहुतेक वेळा निघायची नाही, आणि रक्ताचा टपोरा थेंब वर यायचा. आजी पलीकडच्या खोलीतून म्हणायची, "हात काढ तिथून. तिची ती पडेल." तिला तिथून कसं कळायचं, कोण जाणे.

मी मोडत होतो ते काय होतं, हे पुष्कळ नंतर कळलं. कातडी फाटताच रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना बिलगून भोक बुजवतात, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात तांबड्या पेशी अडकतात, आणि ते सगळं वाळलं की खपली. तिच्याआड पांढऱ्या पेशी आत शिरलेल्या जंतूंना गिळत सुटतात आणि गिळता गिळता स्वतःही मरतात. ज्या पिवळट पुवाला मी नाक मुरडायचो, तो मुख्यतः त्यांच्या प्रेतांचाच ढीग.

पेशी जंतूंना गिळतात हे ज्याला सुचलं, त्या मेचनिकॉफची गोष्ट मला फार आवडते. १८८२ साली, इटलीतल्या मेसिना गावी, घरचे सगळे माकडांचे खेळ बघायला सर्कशीला गेले आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना टोचले. त्या रात्री त्याला झोप नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला! पुढे १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. पण मला त्या रात्रीचंच जास्त वाटतं. काटा टोचून ठेवून सकाळपर्यंत हात न लावता राहायचं! मला नसतं जमलं.

आजीला तरी कुठे जमलं होतं? तिच्या गालांवर देवीचे वण होते. तिच्या मांडीवर पडून मी ते बोटाने चाचपायचो, मोजायचो, आकडा दर वेळी वेगळा यायचा. "हात फडक्याने बांधून ठेवले होते माझे," ती सांगायची, "तरी सोडवून घेतले." आणि वर मला दटावायची!

एकदा भेटलेला रोग शरीर सहसा विसरत नाही. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १७८१ साली गोवर येऊन गेला होता. १८४६ साली तो परत आला आणि जवळजवळ सगळ्यांना लागला. पण लहानपणी तो होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना त्याने शिवलंसुद्धा नाही. पासष्ट वर्षं ती ओळख पेशींनी सांभाळली होती.

देवी जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. त्यानंतरही आजीच्या रक्तात देवीची ओळख राखलेल्या पेशी असणारच, पुन्हा कधीही न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघत.

शेवटच्या दोन वर्षांत मी भेटायला गेलो की ती उठून बसायची, पदर सारखा करायची आणि अदबीने विचारायची, "तुम्ही कुणाकडे आलात?"