शेर्बूरची 'ल रदूताब्ल' : सोळा नळ्यांच्या मधली वाट

पॅरिसच्या सें-लाझार स्थानकावरून गाडी पकडली की तीन-साडेतीन तासांत शेर्बूर येतं. बरेच पर्यटक इथे टायटॅनिकच्या ओढीने येतात. १० एप्रिल १९१२ला ते जहाज या बंदरात थांबून पुढे गेलं होतं. जुन्या सागरी स्थानकाच्या देखण्या इमारतीत आता 'सिते द ला मेर' हे संग्रहालय आहे आणि तिथे टायटॅनिकचं दालनही आहे. ते मी भरभर उरकलं. मला बघायची होती बाहेर कोरड्या गोदीत ठेवलेली १२८ मीटर लांबीची काळी पाणबुडी.

'ल रदूताब्ल' ही फ्रान्सची पहिली अण्वस्त्रधारी पाणबुडी. २९ मार्च १९६७ला राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या उपस्थितीत ती इथेच पाण्यात उतरली आणि १९९१मध्ये निवृत्त झाली. अणुभट्टीचा तुकडा कापून काढला, त्या जागी रिकामा तुकडा जोडला, म्हणून आपल्यासारख्यांना आत सोडतात.

यंत्रांचा भाग मागे टाकला की क्षेपणास्त्रांचा कप्पा येतो. इथे माझे पाय थबकले. दोन रांगांत आठ-आठ नळ्या, आणि मधून चिंचोळी वाट. नळीचं बूड दिसत नाही आणि डोकंही दिसत नाही. जमिनीतून वर येते, छतातून आरपार जाते. अमेरिकन नौसैनिक त्यांच्या पाणबुडीतल्या अशा कप्प्याला रॉबिन हूडच्या गोष्टीतलं 'शेरवुडचं जंगल' म्हणायचे, ते इथे उभं राहिल्यावर पटतं. प्रत्येक नळीत सुमारे वीस टन वजनाचं, दीड मीटर व्यासाचं क्षेपणास्त्र असायचं.

हे सगळं इथवर आलं कसं? सप्टेंबर १९५५मध्ये सोव्हिएत पाणबुडीने श्वेत समुद्रात पहिलं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सोडलं, पण त्यासाठी तिला पाण्यावर यावं लागलं. म्हणजे लपण्याचा फायदा ऐन वेळी गेला. शिवाय इंधन द्रवरूप. बंद पाणबुडीत त्याची गळती म्हणजे साक्षात काळ. १९८६मध्ये 'के-२१९' या सोव्हिएत पाणबुडीत एका नळीत समुद्राचं पाणी शिरलं, इंधनाशी संयोग होऊन स्फोट झाला आणि ती अटलांटिकमध्ये बुडाली. अमेरिकन नौदलाने १९५६मध्येच द्रव इंधनाच्या 'ज्युपिटर' क्षेपणास्त्राचा नाद सोडून घन इंधनाचं 'पोलारिस' हाती घेतलं होतं. २० जुलै १९६०ला 'जॉर्ज वॉशिंग्टन' या त्यांच्या पाणबुडीने पाण्याखालूनच ते डागलं.

डागायची पद्धतही मजेशीर आहे. इंजिन नळीत पेटवत नाहीत. दाबाखालच्या वायूने क्षेपणास्त्र वर ढकलून देतात आणि ते पाणबुडीपासून सुटलं की मग पेटतं. मागे रिकाम्या नळीत समुद्राचं पाणी भरतं, म्हणून एवढं वजन एकाएकी गेलं तरी पाणबुडी उसळी मारत नाही.

पण माझ्या मते खरं अवघड काम क्षेपणास्त्राचं नव्हतंच. आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहून, आकाश न बघता, 'मी नेमका कुठे आहे' हे ठाऊक असणं अवघड. सुटण्याची जागाच चुकली तर हजारो किलोमीटरवरचा नेम काय लागणार? त्यासाठी जायरोस्कोपवर (दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चक्रावर) चालणारी जडत्वीय दिशादर्शन यंत्रणा लागते, म्हणजे बाहेरच्या खुणांशिवाय, स्वतःच्या हालचाली मोजून जागा सांगणारी. अमेरिकेने ती फ्रान्सला द्यायला नकार दिला, मग फ्रेंचांनी स्वतःची घडवली. त्याआधी अणुपाणबुडीचा त्यांचा पहिला प्रकल्प, क्यू-२४४, नैसर्गिक (समृद्ध न केलेल्या) युरेनियमच्या भट्टीपायी फसला होता. त्याचे उरलेले भाग वापरून त्यांनी 'जिमनोत' ही डिझेल पाणबुडी बांधली, निव्वळ क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी. हा काटकसरीपणा मला भलताच आवडला.

पुढे नियंत्रण कक्ष, पेरिस्कोप, मग अरुंद बिछाने. निळा आणि लाल अशी दोन पथकं आळीपाळीने पाणबुडी चालवायची. एक समुद्रात, दुसरं घरी. गस्त दोन महिन्यांच्या वर जाई. घरच्यांकडून मोजक्या शब्दांचा निरोप येई, उत्तर मात्र पाठवायची सोय नाही, कारण बोललं की ठावठिकाणा फुटला. घरी काही वाईट घडलं तर ती बातमी परतेपर्यंत दाबून ठेवत. त्या बिछान्यासमोर हे कळल्यावर मला नळ्यांपेक्षा जास्त कसंतरी झालं.

या वर्गातल्या सहा पाणबुड्यांपैकी बाकी पाचजणींना पुढे एम-४ क्षेपणास्त्रं मिळाली. एकावर सहा अण्वस्त्रं बसायची. 'ल रदूताब्ल' मात्र एम-२० या आधीच्या क्षेपणास्त्रावरच थांबली. आता याच शहराच्या कारखान्यात पुढच्या पिढीच्या पाणबुडीसाठी पोलाद कापायचं काम मार्च २०२४मध्ये सुरू झालंय. तिथलं तिकीट अर्थातच मिळत नाही.