रेक्टरचा पहिला फोन

भेटीच्या रविवारी आपल्याकडच्या एखाद्या निवासी शाळेच्या गेटवर अकराच्या सुमाराला उभं राहून बघा. जतकडून, आटपाडीकडून, माणातून पहाटेच्या एसटीनं निघालेली माणसं पिशव्या सांभाळत येत असतात. रजिस्टरात सही होते, पोरगं पळत येतं, झाडाखाली चटई पडते, डबा उघडतो. चार वाजता परतीची गाडी. एवढ्या वेळात आईबाप वॉचमनशिवाय शाळेतल्या एकाही माणसाशी बोललेले नसतात. पुढं जानेवारीत पोराचं काही बिनसलं की हीच शाळा म्हणते, पालक सहकार्य करत नाहीत.

सातारला वसतिगृह काही नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथं बोर्डिंग सुरू केलं आणि पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथं घर आणि वसतिगृह यांत अंतरच नव्हतं. आता आचारी कंत्राटावर, मावशी एजन्सीच्या, रेक्टर दोन वर्षांत बदलणारा. त्यामुळं ओळख आपोआप होत नाही, ती ठरवून करावी लागते.

सुरुवात फोनपासून. जूनच्या मध्याला शाळा भरली की पहिल्या पंधरा दिवसांत रेक्टरनं प्रत्येक घरी एक फोन करायचा, काहीही घडलेलं नसताना. साठ मुलं असतील तर रोज चार फोन, पंधरा संध्याकाळी. वेळ रात्री आठ ते नऊ. त्याआधी धारा आणि डेअरीची घाई, त्यानंतर माणसं झोपतात. बोलणं सात-आठ मिनिटांचं. काय खात नाही? रात्री अंथरूण ओलं होतं का, झोपेत उठून चालतो का? कुठली गोळी चालू आहे? बरं नसलं की घरात कुणाला सांगतो? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: घरात शेवटचा शब्द कुणाचा? पुष्कळदा तो बापाचा नसतो, आजोबांचा किंवा थोरल्या चुलत्याचा असतो. ऑपरेशनची परवानगी रात्री दोनला मागायची वेळ आली की हे आधी माहीत असलेलं बरं. सगळं एका वहीत, मुलामागं एक पान. वही रेक्टरच्या कपाटात कुलपात. अंथरुणाची गोष्ट वर्गात पोचली तर ते पोर परत कधी काही सांगणार नाही.

हे फोन क्लार्ककडून करून घेतले की वाया जातात. ‘शाळेतून बोलतोय’ म्हटल्यावर पलीकडचा माणूस आधी घाबरतो, मग फी किती राहिली ते विचारतो. दुसरी अडचण नंबरची. फॉर्मवर वडिलांचा नंबर असतो आणि वडील मुंबईला गाडीवर असतात. आईचा आणि शेजारच्या एका घराचा नंबर घ्यायचाच. ऊसतोडीला किंवा मेंढरं घेऊन बाहेर पडणाऱ्या घरांचे नंबर दिवाळीनंतर पुन्हा तपासायचे, कारण माणसं गावात नसतात आणि जुनं सिम बंद झालेलं असतं.

मुलांनी घरी करायच्या फोनचा हिशोब साधा आहे. साठ मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे तीनशे मिनिटं. दोन हँडसेट घेऊन बुधवार-रविवार अशी मुलं वाटली तर एका दिवशी सव्वा तासात उरकतं. मात्र रेक्टर शेजारी उभा राहिला तर पोरगं फक्त ‘हं, बरंय’ म्हणतं. दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या लांब थांबावं. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा. त्यावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, हेही मुलांना सांगावं.

पहिल्या महिन्यात फोनवर रडारड होणारच. पोरगं दहा मिनिटांत खेळायला पळतं, आई मात्र तिकडं रात्रभर जागी. अशा वेळी रेक्टरनं तासाभरानं परत फोन करून ‘ताई, जेवला तो, दोन चपात्या खाल्ल्या, आता कॅरम खेळतोय’ एवढं सांगितलं की त्या घराचा विश्वास बसतो. दहा पालकसभांनी हे होत नाही. अर्थात जेवला असेल तरच सांगायचं. तापाचंही तसंच. संध्याकाळी ताप १०० च्या वर दिसला की त्याच संध्याकाळी कळवायचं, दवाखान्यातून आल्यावर नाही. आधी कळलेला ताप हा नुसता ताप असतो. उशिरा कळलेला लपवलेला ठरतो.

आता जेवण. भेटीच्या दिवशी पाहुण्यांसाठी शिरा आणि पनीर करणं ही सर्वांत मोठी चूक. आईबाप खूश होतात आणि पोरं एकमेकांकडं बघून हसतात. त्या रविवारी मेसच्या तक्त्यावर जे असेल तेच करायचं आणि पालकांना मुलांच्याच पंगतीत बसवायचं. सगळे एकदम बोलावले तर गोंधळ होतो. वीस घरांची पाळी लावली की साठ मुलं आणि चाळीसेक पाहुणे, शंभर पानं. चपातीबरोबर आठ-नऊ किलो तांदूळ आणि तीन-साडेतीन किलो तूरडाळ पुरते. भाकरीचा हट्ट त्या दिवशी नको. एका तव्यावर तासाला पंचवीस-तीसच निघतात आणि मावशींना बोलायला वेळ उरत नाही. खरं काम तेच आहे: जेवण उरकल्यावर मावशी, आचारी, नर्स आणि रात्रपाळीचा वॉचमन यांनी बाहेर येऊन नावं सांगायची. दारात त्यांचे फोटो आणि नावांचा फलक लावायचा, माणूस बदलला की आठवड्यात फोटोही बदलायचा.

मावशींच्या हातात शंभरची नोट सरकवून ‘आमच्या पोराकडं जरा बघा’ म्हणायची पद्धत सगळीकडं आहे. हेतू वाईट नसतो, पण ज्याच्या घरून नोट येत नाही त्या पोराच्या ताटात पातळ आमटी पडायला लागते. शाळेनं पहिल्याच सभेत स्पष्ट नाही म्हणावं आणि दुसरी वाट द्यावी: गुळाची ढेप, शेंगा, द्राक्षाची पेटी आणायची तर सगळ्या मेससाठी. साठा रजिस्टरात नोंद होईल, फळ्यावर नाव लागणार नाही. नावं लागली की चढाओढ सुरू होते आणि मजुरी करणारा बाप पुढच्या वेळी यायचंच टाळतो.

ज्यांचं कुणी येत नाही ती मुलं भेटीच्या दिवशी कोपऱ्यात दिसतात. ‘जा, त्यांच्या डब्यात बस’ असं सगळ्यांदेखत म्हणू नये. पोराला कीव लगेच कळते. पाहुणे यायच्या आधी सकाळीच त्यांचा घरी फोन लावून द्यावा, पंगतीत वाढायचं काम द्यावं आणि जेवताना रेक्टर-मावशींनी त्यांच्यासोबत बसावं.

तारखा शाळेच्या सोयीनं ठरतात, मग सभा ओस पडते. तासगाव-मिरज भागातली घरं ऑक्टोबरात छाटणीत आणि जानेवारी ते मार्च द्राक्षाच्या तोडणीत अडकलेली असतात. चैत्रात गावोगावच्या यात्रा. पाचगणीला तर भर पावसात पसरणीचा घाट चढून येणाऱ्यांना बसायला कोरडी जागा नसेल तर बोलवूच नये. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून आया-आज्यांना येणं परवडतं. त्यांच्यासाठी पाण्याची सोय असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह पाहिजे. ते नसलं की त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दोनलाच निघून जातात. सभा साडेतीनच्या आत संपवावी, शेवटची एसटी कुणी चुकवणार नाही.

मेस समितीत गावातले तेच ते दोन पुढारी नकोत. दर महिन्याला दोन नवे पालक, त्यातली एक आई, न सांगता येऊन कोठीतलं धान्य बघणार. त्यांनी लिहिलेल्या तक्रारीला सात दिवसांत फलकावर लेखी उत्तर, ‘जमणार नाही’ असलं तरी. नुसती तक्रारपेटी ठेवून किल्ली कुठं आहे हे कुणालाच माहीत नसलं, तर मुलं तिच्यात चॉकलेटचे कागद टाकतात.

दिवाळीच्या सुट्टीला मुलं सोडताना मात्र ओळखीवर जाऊ नये. मामा असो की चुलता, फॉर्मवर नाव आणि फोटो असलेल्याच्याच ताब्यात मूल द्यायचं, आणि नाव नसेल तर वहीतल्या नंबरवर आईशी बोलून. मामा रागावतो. रागावू द्यावा, चहा पाजावा आणि फोन लागेपर्यंत बसवून ठेवावा.