दोन दिवसांत वॅलेटा होते का?

तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑक्टोबर उजाडला आणि म्युनिकमध्ये संध्याकाळी पाचलाच दिवे लावायची वेळ जवळ आली, की ओळखीच्या मराठी मंडळींपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच: शुक्रवारी संध्याकाळी निघायचे, रविवारी रात्री परतायचे, तर एवढ्यात माल्टा होते का? मी तिकडे तीनदा जाऊन आलो आहे, त्यांपैकी एकदा आईला घेऊन, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. माझे उत्तर असे, की संपूर्ण माल्टा होत नाही, त्याची राजधानी वॅलेटा होते. ज्यांना दोन दिवसांत राजधानी, जुनी राजधानी मदिना, गोझो बेट आणि निळ्या पाण्याचे ते प्रसिद्ध खाजण, असे सगळे उरकायचे असते, त्यांचा निम्मा वेळ बसच्या रांगेत जातो आणि परत आल्यावर त्यांना फक्त बसथांबे आठवतात.

वॅलेटा ही युरोपीय संघातली सर्वांत लहान राजधानी आहे. लांबी जेमतेम एक किलोमीटर, रुंदी त्याहूनही कमी, आणि तीन बाजूंना समुद्र. एवढ्याशा गावाला दोन दिवस कशाला, असे वाटणे साहजिक आहे. मलाही पहिल्या खेपेला तसेच वाटले होते. त्या खेपेला शनिवारचा दिवस मी बेटावर भटकण्यात घालवला आणि शहर रविवारसाठी राखून ठेवले. रविवारी सकाळी सेंट जॉनच्या कॅथेड्रलच्या दारात पोहोचलो, तर आतून प्रार्थनेचे सूर येत होते आणि पर्यटकांना प्रवेश नव्हता. रविवारी तो नसतोच, हे मला कोणीही सांगितले असते, पण मी विचारले नव्हते. ज्या एका वास्तूसाठी विमानाचे तिकीट काढावे, तीच मी दाराबाहेरून पाहून परतलो. तेव्हापासून मी सर्वांना एकच गोष्ट बजावतो: कॅथेड्रल शनिवारी, तेही सकाळी दार उघडताच, बाकीचे बेत त्याच्या मागेपुढे बसवा.

हे कॅथेड्रल बाहेरून पाहिले तर एखाद्या गढीसारखे रुक्ष वाटते, आणि त्याला कारणही आहे. जिरोलामो कासार हा त्याचा वास्तुशिल्पी लष्करी बांधकामात मुरलेला होता, आणि ज्या सरदारांच्या पंथासाठी (सेंट जॉनचे नाइट्स, तेव्हाचे माल्टाचे राज्यकर्ते) त्याने ते १५७२ ते १५७७ या काळात बांधले, त्यांनी नुकताच १५६५ चा ऑटोमन तुर्कांचा वेढा सोसला होता. आत मात्र शंभर वर्षांनी आलेल्या पिढ्यांनी सोन्याची नुसती उधळण केलेली आहे. माझ्या मते छतापेक्षा जमीन अधिक पाहण्यासारखी आहे. सुमारे चारशे सरदारांच्या समाध्या फरशीत बसवलेल्या आहेत, रंगीत संगमरवराच्या जडावकामाने भरलेल्या, आणि त्यांवर ढाली, मुकुट, कवट्या, वाळूची घड्याळे, दात विचकणारे सांगाडे. या फरशीला जपण्यासाठी टोकदार टाचांची पादत्राणे घालून आत सोडत नाहीत. आईला टाचांची अडचण नव्हती, वेगळीच होती. "अरे, मेलेल्या माणसांच्या अंगावरून कसं चालायचं?" असे म्हणून ती बराच वेळ भिंतीच्या कडेकडेने चालत राहिली, आणि चुकून एका कवटीवर पाय पडला तेव्हा तिने वाकून नमस्कार केला. शेजारच्या रखवालदाराने तिच्याकडे पाहून मान झुकवली.

बाजूच्या प्रार्थनागृहात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेला संत योहानाचा, म्हणजेच सेंट जॉनचा, शिरच्छेद आहे. चित्राची रुंदी पाच मीटरांहून अधिक. अर्ध्याहून जास्त भाग नुसती तपकिरी भिंत आणि अंधार आहे. घडते ते सगळे डाव्या कोपऱ्यात. योहानाच्या मानेतून जमिनीवर सांडलेल्या रक्ताच्या ओघळातच चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे, आणि त्याने सही केलेले हे एकमेव चित्र मानले जाते. हा माणूस रोममध्ये खून करून पळाला होता, माल्टाला येऊन पंथाचा सरदार झाला, काही महिन्यांतच पुन्हा भांडणात सापडून कैदेत पडला आणि तेथूनही निसटून सिसिलीला गेला. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला त्याच्या गैरहजेरीत त्याला पंथातून काढून टाकण्यात आले, तेही याच खोलीत, याच चित्रासमोर बसून. इतके ठाऊक असले, की चित्रासमोरचा बाक लवकर सोडवत नाही. म्हणून कॅथेड्रलला दोन तास तरी द्या.

तेथून बाहेर पडल्यावर पायांचा विचार करावा लागतो. नकाशावर वॅलेटा बुद्धिबळाच्या पटासारखी सरळ दिसते, पण नकाशा चढ दाखवत नाही. वेढा उठल्यानंतर मार्च १५६६ मध्ये पंथाचा प्रमुख ज्याँ द ला व्हालेत याने येथे पहिला दगड बसवला. पोपने पाठवलेला अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्ली याचा बेत आधी डोंगराचा माथा छाटून सपाट करण्याचा होता. तुर्क पुन्हा येतील या धास्तीने कामाची इतकी घाई झाली, की तो बेत अर्ध्यावर सोडून रस्ते तसेच उतारावर सरळ खाली सोडले गेले. त्या घाईचे फळ आज आपल्या गुडघ्यांना भोगावे लागते, कारण अनेक गल्ल्या म्हणजे चक्क पायऱ्या आहेत. वयस्कर माणसे बरोबर असतील तर एक सोपी युक्ती आहे: रिपब्लिक स्ट्रीट डोंगराच्या कण्यावरून जातो, तो त्यातल्या त्यात सपाट आहे, फिरणे त्यावरूनच करायचे आणि आडव्या गल्ल्यांत शिरायचे ते फक्त उतरण्यासाठी. बंदरावरून वर परतायला अप्पर बराक्का बागेपर्यंत येणारी ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. आईने त्या लिफ्टला माल्टातले सर्वांत सुंदर स्थळ ठरवले.

शनिवारी बाराच्या आधी याच बागेच्या कठड्याशी पोहोचावे. खालच्या तटावर तोफांची रांग आहे, आणि जुन्या ब्रिटिश तोफखान्याचा गणवेश चढवलेली माणसे बरोबर बाराला एक बार काढतात; ते चुकले तर दुपारी चारला पुन्हा. धूर पसरतो, कबुतरे उडतात, मुले रडू लागतात. धूर विरल्यावर समोर जे बंदर दिसते त्याला नुसते ग्रँड हार्बर म्हणतात, आणि त्या नावात अतिशयोक्ती नाही. मराठी माणसाने येथे एक गोष्ट आठवावी: १८७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्या भांडणात इंग्लंडने आपला धाक दाखवण्यासाठी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांत घालून याच बंदरात आणून उतरवले होते. लढाई झाली नाही आणि ते परत गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत आलेले सिंधी व्यापारी मात्र येथेच रुजले.

रविवारची सकाळ या बंदरासाठी ठेवावी. लिफ्टने खाली उतरून फेरी घेता येते, किंवा दायसा नावाची रंगीत लाकडी होडी, जी काही मिनिटांत समोरच्या बिर्गू गावाला पोहोचवते. वॅलेटा बांधण्यापूर्वी सरदारांचे ठाणे येथेच होते, आणि वेढ्याचा खरा मार या काठाने खाल्ला. गल्ल्या अरुंद आहेत, रविवारी शांत असतात, आणि दारांपुढच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बायका ओळख नसतानाही बोलतात. टोकाला सेंट अँजेलोचा किल्ला आहे. काराव्हाज्जो निसटला तो येथून. शनिवारी चित्र आणि रविवारी तुरुंग, हा क्रम मी मुद्दाम ठरवलेला नव्हता, पण आता तोच सर्वांना सुचवतो. वारा जोराचा असेल तर होड्या बंद राहतात. तशा वेळी सेंट एल्मो किल्ल्यातले युद्धसंग्रहालय बरे. १९४२ मध्ये संपूर्ण बेटाला मिळालेले जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक तेथे ठेवलेले आहे, आणि ते कशाबद्दल मिळाले हे समजायला शहराच्या वेशीपाशी त्याच वर्षी बॉम्बने पडलेल्या ऑपेरागृहाचे उरलेले खांब पुरेसे आहेत.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. पास्तित्सी हा तेथला वडापाव समजा: कागदाच्या पुरचुंडीत, उभ्याउभ्या खायचा, खिशाला अजिबात जड नाही. खुसखुशीत पापुद्र्यांच्या आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण असते. रिकोटाची मधोमध मिटलेली आणि वाटाण्याची कडेने मिटलेली, असा घडीवरून फरक ओळखता येतो. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे, कारण कधीकधी पिठाला डुकराची चरबी लावलेली असते. सोबत कडू संत्र्याचे किनी नावाचे पेय देतात, ते मला तिन्ही खेपांना आवडले नाही.

भाषेची अडचण येत नाही, इंग्रजी सर्वांना येते. तरी कान उघडे ठेवावेत, कारण माल्टी भाषा मुळात अरबी वळणाची आहे आणि लिहितात मात्र रोमन लिपीत. जगाला ते दिन्या म्हणतात, म्हणजे आपली दुनिया. आणि साबणाला सापून. दुकानदाराच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर आईने मराठीतच पुढचा व्यवहार सुरू केला होता.

आता मुक्कामाचे. बहुतेकांना पलीकडच्या स्लीमा भागात खोल्या स्वस्त मिळतात आणि तेथून फेरीही आहे, पण दोनच रात्री असतील तर पदरचे चार पैसे अधिक घालून तटाच्या आतच राहावे. क्रूझ जहाजांची गर्दी संध्याकाळी परत गेली, की मधाच्या रंगाच्या त्या भिंती आणि भिंतींना लटकलेले लाकडी बंद सज्जे तुमचेच असतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये जाऊ नका, दगड भट्टीसारखा तापतो; एप्रिल, मे आणि ऑक्टोबर उत्तम. जर्मनीतून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की इंग्रजांच्या जुन्या राजवटीमुळे तेथे गाड्या डावीकडून चालतात आणि भिंतीतली विजेची खोबण तीन चौकोनी भोकांची असते. अडॅप्टर घ्यायला मी तिन्ही वेळा विसरलो, आणि तिन्ही अडॅप्टर आता आमच्या स्वयंपाकघराच्या खणात आहेत. जाणार असाल तर येऊन एक घेऊन जा.