सिएटलमध्ये एका स्वीडिश दुकानदाराच्या मागावर

सिएटलच्या उद्यानांत आणि पाण्याकाठी बाकांवर छोट्या पट्ट्या लावलेल्या दिसतात. कुणी आईच्या आठवणीसाठी बाक दिलेलं असतं, कुणी आजोबांच्या. त्या वाचत फिरायचा मला नादच लागला. त्यांवरची स्कँडिनेव्हियन आडनावं वाचूनच ठरवलं की या शहरातल्या एका स्वीडिश दुकानदार कुटुंबाची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून बघायची. कुटुंब निवडलं नॉर्डस्ट्रॉमांचं, बूट-कपड्यांच्या मोठ्या दुकानांचे मालक. अमेरिकेत ज्यांनी कधी बूट विकत घेतलेत त्यांना हे नाव नवीन नाही. मला मात्र त्या नावाच्या मागचा पोरगा बघायचा होता.

योहान विल्हेल्म नॉर्डस्ट्रॉम १८७१ साली उत्तर स्वीडनमध्ये लुलेओ गावाजवळच्या अल्विकला जन्मला. आठ वर्षांचा असताना वडील गेले. अकराव्या वर्षी आईने शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावलं. सोळाव्या वर्षी, १८८७ मध्ये, तो अमेरिकेला निघाला. वडिलांच्या मागे राहिलेल्या थोड्या पैशांतून त्याने प्रवासासाठी कपडे घेतले. दुकानातून घेतलेले ते त्याच्या आयुष्यातले पहिले कपडे. तोवर घरी विणलेलंच अंगावर. न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात ५ डॉलर होते आणि इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मग मिशिगनमधली लोखंडाची खाण, पुढे लाकूडतोड, असं पडेल ते काम करत तो पश्चिमेकडे सरकत राहिला.

माझी पायपीट पायोनियर स्क्वेअरपासून सुरू झाली. लाल विटांच्या जुन्या इमारतींचा हा भाग. इथेच क्लॉन्डाइकच्या सोन्याच्या धावपळीचं एक छोटं सरकारी संग्रहालय आहे, तिकीट नाही. १७ जुलै १८९७ रोजी ‘पोर्टलँड’ नावाची बोट सोनं घेऊन सिएटलच्या धक्क्याला लागली आणि शहर वेडं झालं. कॅनडाच्या युकॉन भागात, क्लॉन्डाइक नदीच्या परिसरात, सोनं सापडलं होतं. लाखभर माणसं घरदार टाकून निघाली, त्यांतली निम्मीही पोचली नाहीत. कॅनडाच्या पोलिसांची अट अशी की वर्षभराची शिधासामग्री असेल तरच सरहद्द ओलांडू देणार. म्हणजे माणशी जवळजवळ एक टन सामान! पीठच १८० किलोच्या आसपास, शिवाय डुकराचं खारवलेलं मांस, घेवडा, तंबू, कुऱ्हाडी, करवती. ते सगळं पाठीवर थोडंथोडं वाहत, त्याच बर्फाळ चढावरून खालीवर खेपा घालत न्यायचं. आणि हे सामान विकलं कुणी? सिएटलच्या दुकानदारांनी. सोनं किती जणांच्या हाती लागलं कोण जाणे, या शहराची पेठ मात्र त्या दोन-तीन वर्षांत उभी राहिली.

नॉर्डस्ट्रॉमही पेपरातली बातमी वाचून लगेच निघालेल्यांपैकी. दोन वर्षं तिथे काढली. शेवटी एका जागेत सोनं लागलं, पण त्या जागेवर दुसऱ्याने हक्क सांगितला. मग भांडत बसण्यापेक्षा त्याने आपला हक्क विकून टाकला आणि १३,००० डॉलर घेऊन सिएटलला परतला. मला हा माणूस इथेच आवडायला लागला. किती मिळालं असतं याचा हिशोब न मांडता, मिळालं त्यातून त्याने उभं आयुष्य रचलं.

क्लॉन्डाइकला असताना त्याची कार्ल व्हॅलिनशी ओळख झाली होती. व्हॅलिन सिएटलमध्ये बूट दुरुस्त करायचा. दोघांनी १९०१ मध्ये भागीदारीत बुटांचं दुकान टाकलं, फोर्थ आणि पाइक या रस्त्यांच्या कोपऱ्यावर. पायोनियर स्क्वेअरपासून तिथपर्यंत मी चालत गेले. आता त्या चौकात काचेचे उंच मनोरे, बसगाड्या आणि कॉफी घेऊन धावणारी माणसं. जुन्या दुकानाची काही खूण मला दिसली नाही, तरी मी सिग्नलपाशी बराच वेळ उभी होते, कारण दुकानाच्या पहिल्या दिवसाची हकिगत याच कोपऱ्यावर घडली. नॉर्डस्ट्रॉमने ती पुढे स्वतःच लिहून ठेवली.

दुपार झाली तरी गिऱ्हाईक नाही. व्हॅलिन जेवायला गेला. तेवढ्यात एक बाई आत आल्या आणि खिडकीत मांडलेला जोड मागितला. खाणीत आणि जंगलात आयुष्य गेलेल्या या माणसाने तोवर कुणाला काही विकलंच नव्हतं. मागे खोक्यांत शोधलं, तसला जोड सापडेना. शेवटी घाबरतघाबरत खिडकीतलाच काढून त्यांच्या पायात घातला. मापाचा होता की नाही हे त्यालाही कधी कळलं नाही, पण बाई बूट घेऊन गेल्या. त्या दिवसाचा गल्ला साडेबारा डॉलर.

तिथून पाच मिनिटांवर फिफ्थ आणि पाइनला आजचं मोठं दुकान आहे, १९९८ पासून एका जुन्या भव्य वस्तुभांडाराच्या इमारतीत. मी थेट बुटांच्या विभागात गेले. एक आजी खुर्चीत बसल्या होत्या आणि तरुण विक्रेता गुडघ्यावर बसून त्यांचा पाय मोजपट्टीवर ठेवत होता. टाच मागे नीट टेकवली, अंगठ्यापाशी सरकती पट्टी आणली, मग दुसरा पाय. दोन्ही पायांची मापं वेगळी निघाली, तसं त्याने सांगितलंही. घाई नव्हती. या घराण्याची खरी कमाई मला तिथे दिसली.

दुकानाचं पहिलं नाव मात्र ‘व्हॅलिन अँड नॉर्डस्ट्रॉम’. व्हॅलिनचं नाव आधी! १९२८ मध्ये नॉर्डस्ट्रॉमने आपला वाटा एव्हरेट आणि एल्मर या मुलांना विकला, पुढच्या वर्षी व्हॅलिननेही आपला वाटा त्यांनाच दिला आणि नंतर पाटीवरून त्याचं नाव गेलं. धाकटा लॉइड १९३३ मध्ये आला. धंद्याच्या रीतीने यात काही वावगं नाही. तरीही बूट ज्याला खरोखर कळत होते तो माणूस शहराच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला, याचं मला वाईट वाटतं. एखाद्या बाकावर दोघांची नावं शेजारीशेजारी असायला हवीत, असं माझं मत आहे.

दुपारी बॅलर्डला गेले. एके काळी हे स्वतंत्र गाव होतं, १९०७ मध्ये सिएटलमध्ये आलं. देवदाराच्या कौलफळ्यांच्या गिरण्या आणि मासेमारी, दोन्हीकडे स्कँडिनेव्हियन माणसं. तिथून पुढे शिलशोलच्या बोटींच्या धक्क्यावर हजारेक वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेला पोचलेल्या लीफ एरिकसन या नॉर्स दर्यावर्दीचा उंच ब्राँझ पुतळा आहे, १९६२ चा. मला त्याच्यापेक्षा त्याच्याभोवतीचे दगड महत्त्वाचे वाटले. दोन हजारांहून जास्त स्थलांतरितांची नावं त्यांवर कोरली आहेत, आणि नावासोबत मूळ गाव आणि आल्याचं साल. मालक, मजूर, कोळी, मोलकरीण, सगळे एका मापाच्या अक्षरांत. आपल्याकडे नव्या ओळखीत दुसराच प्रश्न ‘मूळ गाव कुठलं?’ असा असतो. इथे त्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. सिएटलशेजारच्या रेडमंड-बेलव्ह्यूला नोकरीसाठी आलेल्या किती मराठी मंडळींची गावं अशी कुठे लिहिली जाणार आहेत, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

जायचं असेल तर शहरातून ४० नंबरची बस बॅलर्डला नेते. पुढचं अंतर पायी बरंच आहे, पण वाटेत बोटींसाठीचे पाण्याचे दरवाजे बघता येतात. दगडांपाशी तिकीट नाही, कुंपण नाही. वारा झोंबतो, उन्हाळ्यातही जाकीट ठेवा. आणि नावं वाचायला हाताशी निदान तासभर असू द्या.