पत्र्याचा तुकडा आणि मिटलेली मूठ

रविवार, रात्री

आज 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' पुन्हा वाचायला घेतली. विल्सन रॉल्स यांची ही कादंबरी १९६१ची. तिचा शेवट आठवला की पुष्कळांचे डोळे भरून येतात. मला मात्र दर वेळी आधी सापळ्याचं पान उघडावंसं वाटतं, कारण शेवटाचं मूळ तिथेच आहे.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या ईशान्येला, ओझार्कच्या डोंगरात राहणारा बिली नावाचा मुलगा दोन वर्षं राबून ५० डॉलर साठवतो आणि रेडबोन हाउंड या शिकारी जातीची दोन पिल्लं आणतो, डॅन आणि ॲन. शिकार करायची ती रॅकूनची, म्हणजे रात्री हिंडणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या एका अमेरिकन प्राण्याची. कुत्र्यांना त्याचा माग काढायला शिकवायचं तर रॅकूनचं कातडं हवं. कुत्री तयार नसताना रॅकून धरायचा कसा? आजोबा युक्ती सांगतात. भक्कम ओंडक्यात गिरमिटानं सरळ खाली सुमारे ६ इंच भोक पाडायचं, तळाशी चकचकीत पत्र्याचा तुकडा टाकायचा. मग घोड्याच्या नालेचे खिळे समोरासमोर तिरपे ठोकायचे. टोकं आत, खालच्या बाजूला झुकलेली हवीत आणि मध्ये उघडा पंजा जाण्यापुरतीच जागा राहायला हवी. रॅकून पुढच्या पंजांनी सगळं चाचपून बघतो. चमकणारी वस्तू दिसली की पंजा आत घालतो. मूठ मिटली की ती खिळ्यांत अडकते. पत्रा सोडला तर सुटका आहे, पण तो सोडतच नाही.

बिलीचे सापळे सुरुवातीला रिकामे राहतात. ओंडक्यांना माणसाचा वास लागलेला असतो आणि तो उडून जायला आठवडाभर लागतो. पुढे पहिला रॅकून सापडतो आणि वडील बजावतात: आता सगळे खिळे उपटून टाक, यात जनावराला संधीच मिळत नाही.

मग खरी शिकवणी सुरू होते. कातडं जमिनीवरून ओढत नेलं की माग तयार होतो. पाण्यात मात्र वास तुटतो. रॅकून याचाच फायदा घेतो, उतरतो एकीकडे आणि निघतो भलतीकडे. म्हणून कुत्र्यांनी दोन्ही काठ वर-खाली हुंगत जायचं असतं. यात ॲन तरबेज. डॅनकडे ताकद आणि हट्ट. (आपला कारवानी कुत्रा नजरेनं शिकार करतो, हे हाउंड नाकानं माग काढतात आणि धावताना आवाज देत राहतात. अंधारात शिकारी त्या आवाजामागेच जातो.)

शिकार झाडावर चढली की बुंध्याशी ठाण मांडणं मात्र या दोघांच्या रक्तातच आहे. पहिल्याच शिकारीत रॅकून एका अवाढव्य सिकॅमोरवर चढतो. 'तुम्ही झाडावर चढवा, पुढचं माझ्याकडे' असा शब्द बिलीनं कुत्र्यांना दिलेला असतो, म्हणून हाताला फोड येईपर्यंत तो कुऱ्हाड चालवतो. त्याला घरी जाऊन जेवता यावं, तेवढ्यात रॅकून खाली उतरू नये, म्हणून आजोबा झाडाखाली बुजगावणं उभं करतात. पुढे रॅकूनच्या शिकारीच्या स्पर्धेच्या वेळी तर हिमवादळात अंगावर बर्फ गोठलेलं असतानाही दोन्ही कुत्री झाड सोडत नाहीत.

शेवटच्या झाडावर रॅकून नसतो, प्यूमा, म्हणजे मोठं रानमांजर, असतो. डॅन तरीही हलत नाही. झुंजीत बिली कुऱ्हाड घेऊन मध्ये पडतो. डॅन जखमांनी जातो. ॲन खाणंपिणं सोडते आणि काही दिवसांनी त्याच्या थडग्यापाशी जाऊन पडते.