दर निम्मा, डोकं मात्र पूर्ण

आज एका भाषांतर एजन्सीचा मेल आला. यापुढे सगळं काम पोस्ट-एडिटिंगचं, म्हणजे मशीनने केलेलं भाषांतर तपासून दुरुस्त करण्याचं, आणि दर आधीच्या निम्मा. कारण काय, तर मसुदा मशीन करतंच आहे. खरंय, करतं. २०१६ मध्ये गूगलने न्यूरल भाषांतर आणलं तेव्हापासून वाक्यं गुळगुळीत झाली. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर तर ग्राहकालाही वाटायला लागलं की हे आपलं आपणच उरकू. पण गुळगुळीत वाक्यातली चूक शोधायलाच जास्त वेळ जातो. पूर्वीचं मशीन चुकलं की लगेच दिसायचं, आताचं आत्मविश्वासाने चुकतं. औषधाच्या माहितीपत्रकात एखादा 'नाही' गळला तरी वाक्य वाचायला छानच लागतं!

गंमत म्हणजे पोस्ट-एडिटिंगसाठी २०१७ पासून आयएसओ १८५८७ हे मानक आहे. त्यात संपादकाची पात्रता वगैरे आहे, दराबद्दल अर्थातच अवाक्षर नाही.

घासाघीस काही नवी नाही. ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आधी भाषांतरित केलेली वाक्यं साठवून पुन्हा सुचवणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हाही 'मॅच'च्या, म्हणजे नवं वाक्य जुन्याशी किती जुळतं त्याच्या, टक्क्यांवरून पैसे कापले जायचेच. फक्त आता शब्दाच्या हिशोबाला अर्थ उरलेला नाही. म्हणून मी उलट कळवलं, आधी मजकूर बघेन, मग तासाचा दर सांगेन. कायदा, पेटंट, वैद्यकीय मजकुराला जबाबदारी घेणारा माणूस लागतो, तिथे अजून बोलायला जागा आहे. ऑनलाइन दुकानांतल्या वस्तूंच्या वर्णनांचं काम मात्र गेलं, ते परत येईलसं मला वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी तासावर बिल लावतंय का? ग्राहक ऐकतात?